आठ आणे ते आठशे रुपये : कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीची कहाणी

बाप्पाचे वाहन उंदीर, आणि स्मरणिकेत लेख मांजरांवर! हे पाहून काही मंडळी हसतील. हसायला हरकत नाही. पण गेल्या वर्षी उत्सवानंतरच्या हिशेबाच्या बैठकीत जी चर्चा झाली, ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आरतीनंतर प्रसाद वाटताना मांडवामागे आपल्यातल्याच एका सहकाऱ्याच्या सात वर्षांच्या मुलीला कुत्री चावली. पोरीला इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला. महिनाभर त्या घरात कोणाला नीट झोप नव्हती. बैठकीत एकाने सुचवले, "एक टेम्पो करू, दोन माणसे लावू, आणि सगळी कुत्री होसकोटेच्या पुढे सोडून येऊ. मांजरेही त्यातच." बऱ्याच माना डोलल्या. मी गप्प बसलो.

गप्प बसण्याचे कारण सांगतो. वडील रेल्वेत गँगमन असताना आम्ही दौंडच्या कॉलनीत राहत होतो. आमच्या मोरीत मांजर व्यायली. चार पिल्ले झाली. आठ-दहा दिवसांनी वडिलांनी पिल्ले पोत्यात घातली, मला सायकलच्या मागे बसवले आणि भीमेच्या पलीकडे बाभळीत पोते मोकळे करून आम्ही परत आलो. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मांजर तीन दिवस घरभर ओरडत फिरली. आईने बशीत दूध ठेवले, तिने तोंड लावले नाही. वडील वाईट नव्हते. गावात प्रत्येक घरात हेच करत, कारण दुसरे काही करता येते हे कोणाला माहीतच नव्हते. आणि सांगायची गोष्ट म्हणजे पाच महिन्यांनी ती मांजर पुन्हा व्यायली.

टेम्पोची सूचना ऐकली तेव्हा मला ते पोते आठवले. मग विचार केला, आपण हा प्रश्न पहिल्यांदा सोडवत आहोत का? मुळीच नाही. आपल्या मुंबईत तो जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी आला होता. त्यानंतर काय काय करून पाहिले, कशावर पैसे खर्च झाले आणि कशाचा उपयोग झाला, हे शोधत गेलो. वाचून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

मुंबईची दंगल

इंग्रजांच्या काळात मुंबईत मोकाट कुत्र्यांना वर्षातल्या ठरावीक दिवसांत मारण्याचा नियम होता. १८३२ मध्ये पोलीस मॅजिस्ट्रेटांनी ही मुदत वाढवली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. त्या काळी आठ आणे ही गरिबाच्या दृष्टीने मोठी रक्कम. साहजिकच बक्षिसाच्या लोभाने मोकाट कुत्र्यांबरोबर घरातली पाळलेली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली.

पारशी धर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे. अंत्यविधीतही कुत्र्याची दृष्टी मृतदेहावर पडावी लागते. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या पवित्र दिवशीच, कोटातल्या पारशी लोकांनी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. हिंदू, जैन आणि काही मुसलमान व्यापारीही त्यात सामील झाले. कुलाब्याच्या लष्करी छावणीत जाणारे अन्नधान्यसुद्धा अडवले गेले. शेवटी सैन्य बोलवावे लागले. मुंबई शहराच्या इतिहासात ही 'कुत्र्यांची दंगल' म्हणून नोंदली गेली आहे.

पुढे सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी मध्यस्थी केली. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचा तोडगा निघाला. १८३४ मध्ये जमशेटजी आणि जैन-हिंदू व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. आजही तो भाग त्याच नावाने ओळखला जातो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सरकारने पैसा दिला तो मारण्यासाठी, व्यापाऱ्यांनी दिला तो पोसण्यासाठी. जन्म थांबवण्यासाठी कोणीच दिला नाही, कारण तसे काही करता येते ही कल्पनाच तेव्हा नव्हती. बैलांचे खच्चीकरण आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, पण मादीचे पोट उघडून गर्भाशय काढायचे तर भूल हवी, निर्जंतुक हत्यारे हवीत, शिकलेला पशुवैद्य हवा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय झाले ते १८८० च्या दशकात, आणि त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे शिकलेले डॉक्टर मुख्यतः घोडे, बैल आणि गाई-म्हशी यांच्याकडे पाहत. रस्त्यावरच्या कुत्रीसाठी शस्त्रक्रिया ही कल्पना यायला अजून पाऊण शतक जावे लागले.

मद्रासचा हिशेब

स्वातंत्र्यानंतरही नगरपालिकांची पद्धत तीच राहिली. मुंबई, मद्रास, बंगळूर, सगळीकडे कुत्री पकडायची आणि मारायची. कुठे विजेचा धक्का देऊन, कुठे विष घालून.

१९५९ मध्ये कॅप्टन व्ही. सुंदरम या वैमानिकाने मद्रासमध्ये ब्लू क्रॉस ही संस्था सुरू केली. त्यांचे चिरंजीव डॉ. एस. चिन्नी कृष्णा हे व्यवसायाने इंजिनिअर. आम्हा इंजिनिअर मंडळींना सवय असते तसे त्यांनी आधी आकडे काढले. मद्रास महापालिका १८६० पासून कुत्री मारत होती आणि मारलेल्यांचा आकडा दर पिढीला वाढत होता. मारून कुत्री कमी होत असती, तर हा आकडा उतरायला हवा होता. मारलेल्या कुत्र्यांची संख्या एवढी झाली होती की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या कातड्याच्या टाय आणि पाकिटे तयार करून पाहण्यात आली, अशी नोंद चिन्नी कृष्णा यांनी करून ठेवली आहे.

मग १९६४ मध्ये ब्लू क्रॉसने पर्याय मांडला. कुत्रे पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून आणले तिथेच सोडा. इंग्रजीत याला 'ॲनिमल बर्थ कंट्रोल' म्हणतात, म्हणून थोडक्यात ए.बी.सी. पालिकेला हे पटायला बत्तीस वर्षे लागली. १९९६ मध्ये मद्रासने, म्हणजे चेन्नईने, मारणे थांबवून हा मार्ग धरला.

मारून संख्या का कमी होत नाही, हे समजायला सोपे आहे. एका गल्लीत कचरा, उरलेले अन्न आणि आडोसा यांवर समजा दहा कुत्री जगू शकतात. त्यातली सहा उचलली, तर उरलेल्या चौघांना पोटभर मिळते, त्यांची पिल्ले जास्त जगतात, आणि शेजारच्या गल्लीतली नवी कुत्री रिकाम्या जागी येतात. नवी कुत्री माणसांना ओळखत नाहीत, आपसात भांडतात आणि चावतातही जास्त. उलट नसबंदी झालेली दहा कुत्री जागेवरच राहिली, तर ती बाहेरच्याला शिरू देत नाहीत. पिल्ले होत नाहीत, म्हणून पिल्लांच्या रक्षणासाठी अंगावर धावणारी कुत्री राहत नाही. गेल्या वर्षी मांडवामागे चावलेली कुत्रीही व्यालेलीच होती, तिची पिल्ले जनरेटरच्या खोलीमागे होती. होसकोटेला टेम्पो पाठवणे म्हणजे गळकी टाकी दुरुस्त न करता रोज बादलीने पाणी उपसत बसणे.

मुंबईने काय केले

मुंबई महापालिकेने १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत सुमारे साडेचार लाख कुत्री मारली. तरी कुत्री होतीच. १९९४ मध्ये पालिकेने मारणे थांबवून नसबंदीचा मार्ग मान्य केला आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. डिसेंबर २००१ मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांच्या प्रजनन नियंत्रणाचे नियम केले. हा सगळा कायदा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतो. तो कायदा व्हावा म्हणून राज्यसभेत प्रथम विधेयक मांडले ते प्रसिद्ध नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच.

परिणाम काय झाला? मुंबईच्या २०१४ च्या गणतीत ९५,१७२ भटकी कुत्री होती. २०२४ च्या गणतीत ९०,७५७ होती. एवढेच कमी, असे कोणी म्हणेल. पण याच दहा वर्षांत शहर किती वाढले ते पाहा. मारण्याच्या काळात साडेचार लाख जीव घेऊनही जी वाढ रोखता आली नव्हती, ती शस्त्रक्रियेने रोखली.

जिथे काम न थांबता आणि एकाच भागात दाट झाले, तिथे फळ अधिक मिळाले. जयपूरमध्ये 'हेल्प इन सफरिंग' या संस्थेने नोव्हेंबर १९९४ ते डिसेंबर २००२ या काळात २४,९८६ कुत्र्यांवर काम केले. त्या भागातल्या ६५ टक्के माद्यांची नसबंदी आणि लसीकरण झाले. कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली, आणि त्या भागात माणसांचे रेबीजचे रुग्ण शून्यावर आले. आपल्या शेजारच्या गोव्यात 'मिशन रेबीज' या मोहिमेने वर्षाकाठी हजारो कुत्र्यांना लस दिली, शाळाशाळांतून मुलांना शिकवले, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले.

या कामात एक साधा नियम आहे. नसबंदी आज दहा, पुढच्या वर्षी दहा अशी विखरून केली, तर राहिलेल्या माद्या तेवढी पिल्ले घालून हिशेब पुन्हा जागेवर आणतात. थोड्या अवधीत सुमारे सत्तर टक्क्यांपर्यंत पोचावे लागते. रूळ तपासताना मधला एक किलोमीटर सोडला तर बाकीच्या नव्याण्णव किलोमीटरची मेहनत वाया जाते, हे आपल्या खात्यातल्या मंडळींना वेगळे सांगायला नको.

बंगळुरात

जयपूरची ती संस्था १९८० मध्ये क्रिस्टल रॉजर्स या इंग्रज बाईंनी सुरू केली होती. म्हातारपणी त्या बंगळुरात आल्या आणि १९९१ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीच्या आसपास, त्यांनी इथे 'क्युपा' या संस्थेचा पाया घातला. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. आयुष्यभर जवळ पैसा नसताना, देणग्या मागून त्यांनी हे काम केले.

बंगळूर महापालिकेने २००० पासून मारण्याऐवजी संस्थांमार्फत नसबंदी सुरू केली. पण शहर ज्या वेगाने पसरत होते त्या वेगाने काम पसरले नाही. २००७ च्या सुरुवातीला दोन महिन्यांच्या आत कुत्र्यांच्या हल्ल्यात दोन लहान मुलांचा जीव गेला. साऱ्या शहरात संतापाची लाट उठली आणि पुन्हा कुत्री पकडून मारण्याची मोहीम निघाली. त्या आईबापांचे दुःख कोणत्याही आकड्याने पुसले जाणार नाही, आणि प्राणिप्रेमाच्या नावाखाली ते कोणी झटकूही नये. पण त्या मोहिमेनंतर कुत्री संपली का? आपण सगळे इथे राहतो, उत्तर आपल्यासमोर आहे.

याच २००७ मध्ये महादेवपुरा ही वेगळी नगरपालिका बृहत् बंगळूरमध्ये विलीन झाली. तोवर गावठाणे, तळी आणि शेते असलेला हा भाग होता. मग टेक पार्क आले, अपार्टमेंट आली, ठिकठिकाणी बांधकामे सुरू झाली. बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांजवळ कुत्री वाढतात. इमारत पुरी झाली की मजूर दुसऱ्या साइटवर जातात, कुत्री तिथेच राहतात, आणि नवे फ्लॅटधारक विचारतात की एवढी 'बीदी नायी' आली कुठून!

महापालिकेच्या २०१९ च्या गणतीत शहरात सुमारे ३ लाख १० हजार भटकी कुत्री होती. २०२३ मध्ये ती सुमारे २ लाख ७९ हजार झाली. नसबंदी झालेल्यांचे प्रमाण ५१ टक्क्यांवरून जवळजवळ ७२ टक्क्यांवर गेले. म्हणजे काम चालले आहे आणि त्याचा गुण येतो आहे. मात्र २०२३ मध्ये सर्व आठ विभागांत सर्वाधिक कुत्री होती ती आपल्या महादेवपुरा विभागात, ५८ हजारांवर. सप्टेंबर २०२५ पासून महापालिका पाच झाल्या आणि आपण बंगळूर पूर्व महापालिकेत आलो. पाटी बदलली, कुत्री तीच आहेत.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा विषय गाजला. ऑगस्टमध्ये दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश आधी निघाला. मग २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने तो बदलून, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदी आणि लसीकरणानंतर त्याच भागात परत सोडावीत, असे सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत, असा वेगळा आदेश झाला. त्यामुळे हा विषय आपल्या नोकरीच्या दारातही आला. पण कोणत्याही आदेशात पहिली पायरी नसबंदी आणि लस हीच आहे.

मग मांजरांचे काय?

या साऱ्या इतिहासात मांजर कुठेच नाही. २००१ चे नियम कुत्र्यांचे, गणती कुत्र्यांची, पालिकेची गाडी कुत्र्यांची. मुंबई महापालिकेने भटक्या मांजरांची नसबंदी सुरू केली तीसुद्धा २०१९ मध्ये.

मांजरीचा हिशेब कुत्रीपेक्षा भारी आहे. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. वर्षात दोनच वेळा व्यायली, चार-चार पिल्ले झाली आणि त्यातली निम्मीच जगली असे धरले, तरी पहिल्या वर्षअखेरीस एकीच्या पाच होतात. त्यात तीन माद्या धरल्या, तर दुसऱ्या वर्षअखेरीस सतरा.

तीन वर्षांपूर्वी आमच्या जिन्याखाली अशीच एक मांजर आली. सौ. म्हणाली, "आता पोते काढू नका हं." मी चौकशी सुरू केली. पहिल्या खाजगी दवाखान्यात तपासण्या आणि दोन दिवस ठेवण्यासह सात हजार रुपये सांगितले. त्यांचे चुकते असे नाही. भूल, औषधे, जागेचे भाडे, सगळे महागच आहे. पण रस्त्यावरच्या मांजरीसाठी सात हजार कोण देणार? मी चौकशी सोडली नाही. एका धर्मादाय संस्थेच्या सवलतीच्या दिवशी ते काम त्याच्या चौथ्या हिश्श्यात झाले. त्यासाठी तीन आठवडे थांबावे लागले, आणि एक रजा गेली. मांजर आजही जिन्याखालीच असते. पिल्ले नाहीत, रात्रीचे रडणे नाही, आणि मीटर रूममध्ये उंदीर नाहीत, याबद्दल बाप्पाची क्षमा मागतो!

ही 'स्वस्त दवाखान्याची' कल्पना परदेशातही फार जुनी नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराने १९७१ मध्ये पालिकेच्या खर्चातून पहिला स्वल्पदरातला नसबंदी दवाखाना उघडला. पकडून, ठेवून, मारण्यावर होणाऱ्या खर्चापेक्षा हा खर्च कमी पडेल, हा साधा विचार त्यामागे होता. आपल्याकडे प्राणी कल्याण मंडळ २००० नंतरच्या दशकात एका कुत्र्यामागे ४४५ रुपये अनुदान देत असे. त्यात ७५ रुपये पकडून परत सोडण्याचे आणि ३७० शस्त्रक्रिया व देखभालीचे. २०२५ मधल्या सुधारित योजनेत ही रक्कम कुत्र्यामागे ८०० आणि मांजरामागे ६०० रुपये झाली. मांजराचे नाव सरकारी हिशेबात आले, हीच मोठी गोष्ट. १८३२ मध्ये मारायला आठ आणे, आता जन्म थांबवायला आठशे रुपये. मला तरी ही प्रगतीच वाटते.

आपण काय करावे

वाचकहो, मी डॉक्टर नाही. जे स्वतः करून पाहिले आणि चौकशीत कळले तेवढेच लिहितो.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी ही २०२३ च्या नियमांप्रमाणे महापालिकेची जबाबदारी आहे, आणि त्यासाठी नागरिकाने पैसे द्यायचे नसतात. आपण फक्त तक्रार नोंदवून तिचा पाठपुरावा करायचा. "कुत्री फार झाली" असे मोघम लिहू नये. कोणत्या गल्लीत किती, त्यात माद्या किती, कानाला काप नसलेली कोणती, असा तक्ता द्यावा. कानाला काप म्हणजे नसबंदी झाल्याची खूण. गाडी येईल त्या दिवशी कुत्र्यांना ओळखणारा एक माणूस हजर ठेवावा. शस्त्रक्रियेनंतर ती त्याच जागी सोडली जातात ना, हेही पाहावे.

रस्त्यावरच्या मांजरांसाठी धर्मादाय संस्थांचे सवलतीचे दिवस, सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालये आणि हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, इथे आधी चौकशी करावी. संस्था प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेली आहे का, भूल कोण देतो, किती दिवस ठेवतात आणि टाके उसवले तर कोणाकडे जायचे, हे चार प्रश्न विचारायला संकोच करू नये. स्वस्त म्हणजे कसेही नव्हे. मांजर नेताना झाकणाची टोपली न्यावी. किती तास उपाशी ठेवायचे ते डॉक्टरांना विचारून तसेच करावे, "बिचारीला भूक लागली" म्हणून चोरून दूध पाजू नये. पोटात अन्न असताना भूल दिली, तर जिवावर बेतते.

घरच्या कुत्र्या-मांजराची नसबंदी ही मालकाची जबाबदारी. "एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, नाहीतर पाप लागते" असे आपल्याकडे वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांच्या भावनेचा मान ठेवून एवढेच विचारतो, त्या पिल्लांचे पुढे काय होते? ज्यांना घरे मिळत नाहीत ती कुठे जातात? दौंडला ती कुठे गेली हे मला माहीत आहे.

मंडळाला माझी विनंती छोटी आहे. यंदाच्या अंदाजपत्रकात रोषणाई, मांडव, महाप्रसाद यांच्या जोडीला एक ओळ घालावी : 'कॉलनीतील मांजरांची नसबंदी'. प्रत्येक घरामागे वर्षाला शंभर रुपये जमले, तरी एका वर्षात आपल्या आवारातल्या सगळ्या माद्यांचे काम होईल. कुत्र्यांचा तक्ता करायला तरुण मुलांची एक तुकडी पुरे. ज्या घरात गेल्या वर्षी मुलीला चावले, त्याच घरातल्या वहिनींनी तक्त्याचे काम अंगावर घेतले आहे. त्या म्हणाल्या, "टेम्पोने माझी पोर सुरक्षित होत असती, तर भाडे मीच दिले असते." याच्यापुढे मी काय लिहू?

१८९३ मध्ये लोकमान्यांनी घरातला गणपती चौकात आणला, तो घराघरांतली माणसे एकत्र येऊन चार कामे करतील म्हणून. एकट्याला सात हजार जड जातात, शंभर घरांना शंभर रुपये जड जात नाहीत. सार्वजनिक या शब्दाचा याहून सोपा अर्थ मला सांगता येणार नाही.

पुढच्या वर्षी प्रसाद वाटताना मांडवामागे कोणतेही पोर निर्धास्त जावे, आणि कोणाही पोराला वडिलांच्या सायकलवर पोते धरून बसावे लागू नये, हीच श्रीचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!